एंट्री-लेव्हल, मिडरेंज की हाय-एंड? सर्व्हर घेताना नेमकं काय तोलायचं

रॅकरक्षक (धागाकर्ता)

नवीन सर्व्हरची कोटेशनं समोर आली की सगळ्यांची नजर आधी कोअर (प्रोसेसरमधली स्वतंत्रपणे काम करणारी एककं), मग गिगाहर्ट्झ, मग किमतीवर जाते. विक्रेतेही त्याच क्रमाने बोलतात. एंट्री-लेव्हल, मिडरेंज आणि हाय-एंड या तीन वर्गांची तुलना वेगावरून करायची नसते असं माझं ठाम मत आहे, आणि ते नीट मांडता यावं म्हणून हा धागा.

आधी वेगाचंच घेऊ. इंटेलचा झिऑन ई-२४८८ एंट्री-लेव्हल सर्व्हरमध्ये बसतो. कोअर आठच, पण टर्बो (गरजेला थोडा वेळ गाठता येणारा वाढीव वेग) ५.६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. चार सॉकेटच्या (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा) मशीनमध्ये बसणाऱ्या झिऑन प्लॅटिनम ८४९०एच ला कोअर ६०, पण मूळ वेग १.९ आणि टर्बो जास्तीत जास्त ३.५ गिगाहर्ट्झ. म्हणजे एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकच कोअर वापरून, चालणारं जुनं अकाउंटिंग सॉफ्टवेअर तुम्ही मोठ्या हौसेने हाय-एंड मशीनवर हलवलंत, तर ते आधीपेक्षा हळू चालण्याची शक्यताच जास्त.

मग जास्तीचे पैसे कशाचे? दोन गोष्टींचे. एखादा भाग बिघडला तरी यंत्र चालू राहतं का, आणि एकाच ऑपरेटिंग सिस्टिमला मेमरी व आयओ (डिस्क, नेटवर्कशी देवाणघेवाण) किती देता येतं.

एंट्री-लेव्हल म्हणजे डेलचा आर३६०, एचपीईचा डीएल२० किंवा टॉवरमधले त्यांचे भाऊबंद. एकच सॉकेट, मेमरीचे दोन चॅनल (प्रोसेसर आणि मेमरीमधल्या वाटा), चार स्लॉट. झिऑन ई-२४०० मालिकेला १२८ जीबीपर्यंत मेमरी चालते. ईसीसी (मेमरीतली चूक ओळखून सुधारणारी सोय) असते, पण अनबफर्ड, म्हणजे साध्या, मेमरी पट्ट्यांची. दुहेरी पॉवर सप्लाय काही मॉडेलना पर्याय म्हणून मिळतो, बाकींना एकावरच भागवावं लागतं.

मिडरेंज म्हणजे डेल आर७६०, एचपीई डीएल३८०, लेनोवो एसआर६५० हा दोन सॉकेट, दोन यू उंचीचा वर्ग (यू हे रॅकमधल्या उंचीचं माप). याचं झाकण एकदा उघडून बघाच. दोन प्रोसेसरांच्या दोन्ही बाजूंनी मेमरीच्या ३२ स्लॉटची रांग, त्यांच्यावर हवेला वाट दाखवणारं काळं प्लास्टिकचं आवरण, पुढे पंख्यांची आडवी भिंत. डेल आणि लेनोवोच्या मशीनवर जिथे बोट लावायचं ते भाग रंगवलेले असतात. विटकरी रंगाचा भाग यंत्र चालू असताना काढता येतो. निळ्या रंगाच्या भागाला हात लावण्याआधी यंत्र बंद करावं लागतं. कोटेशनमधल्या चार पानांपेक्षा त्या मशीनमध्ये विटकरी रंग कुठे कुठे आहे हे बघणं मला जास्त उपयोगाचं वाटतं. पंखे, डिस्क, पॉवर सप्लाय हे रोज झिजणारे भाग. ते भर कामाच्या वेळी बदलता येणं हीच मिडरेंजची खरी कमाई.

हाय-एंडमध्ये चार आणि त्याहून जास्त सॉकेटची यंत्रं येतात: डेल आर९६०, एचपीई सुपरडोम फ्लेक्स, आयबीएम पॉवर ई१०८०, आणि सगळ्यात वर आयबीएम झेड. त्यातलं जाणकारांनी लिहावं, माझा रोजचा संबंध मिडरेंजशी आहे.

नवा गडी

धागा अगदी वेळेवर आला. आमच्याकडे साठेक लोक आहेत. ईआरपी (कंपनीचे सगळे व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर), त्याचा डेटाबेस, फाइल शेअर आणि डोमेन कंट्रोलर (सगळ्यांची लॉगिन सांभाळणारा) हे सगळं एका जुन्या टॉवरवर चालतं. ईआरपी हळू झालंय अशी ओरड आहे. विक्रेता म्हणतो, पुढची दहा वर्षं बघायला नको, चार सॉकेटचं मशीन घेऊन टाका. मला निर्णय घ्यायचाय आणि नेमकं काय विचारायचं तेच कळत नाहीये.

फर्मवेअर

नवा गडी, विक्रेत्याला विचारण्याआधी स्वतःच्या लोकांना विचारा. ईआरपी बंद पडलं तर किती वेळ चालेल? आणि परत सुरू झाल्यावर शेवटच्या किती वेळाच्या नोंदी पुन्हा टाकाव्या लागल्या तर चालतील? ही दोन उत्तरं लेखाविभाग आणि गोदामाकडून वेगवेगळी येतील, दोन्ही लिहून ठेवा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

दुसरं, मोजा. कामाचा पूर्ण महिना धरा, महिनाअखेर त्यात आलीच पाहिजे. सीपीयू किती टक्के, मेमरी किती भरते, आणि मुख्य म्हणजे डिस्कला उत्तर द्यायला किती मिलिसेकंद लागतात. 'ईआरपी हळू झालंय' या तक्रारीच्या मुळाशी बहुतेक वेळा डिस्क असते. फिरत्या डिस्कचा प्रतिसाद मिलिसेकंदांत, एनव्हीएमई एसएसडीचा (वेगवान फ्लॅश डिस्कचा) मायक्रोसेकंदांत. सॉकेट दोनाचे चार केल्याने त्यात काडीचा फरक पडत नाही.

विदागारी

फर्मवेअर यांच्याशी सहमत. त्यात लायसन्सची भर घालते, कारण यंत्राच्या किमतीवर घासाघीस होते आणि खरा खर्च सॉफ्टवेअरमधून येतो.

विंडोज सर्व्हरचं लायसन्स कोअरवर असतं आणि प्रत्येक सर्व्हरला किमान १६ कोअरचं घ्यावंच लागतं. आठ कोअरचं एंट्री मशीन घेतलंत तरी पैसे १६ चे. स्टँडर्ड आवृत्तीत सगळे कोअर लायसन्समध्ये आले की दोन व्हर्च्युअल मशीन (एका यंत्रात चालणारे आभासी संगणक) चालवायची मुभा मिळते. आणखी दोन हवी असतील तर सगळ्या कोअरचं लायसन्स पुन्हा.

एसक्यूएल सर्व्हर २०२२ ची स्टँडर्ड आवृत्ती २४ कोअरच्या पुढचे वापरतच नाही, आणि तिचा बफर पूल (वाचलेला डेटा हाताशी ठेवायची मेमरी) १२८ जीबीला थांबतो. त्या आवृत्तीसाठी कुणी एक टेराबाइट मेमरीचं मशीन सुचवत असेल तर उरलेली मेमरी कोण वापरणार हे त्याला विचारा.

ओरॅकलची स्टँडर्ड एडिशन २ दोनपेक्षा जास्त सॉकेटच्या सर्व्हरवर लायसन्सप्रमाणे चालवताच येत नाही. म्हणजे चार सॉकेटचं मशीन घेतलंत की थेट एंटरप्राइझ आवृत्ती. तिथे कोअर फॅक्टर (लायसन्स मोजताना कोअरच्या संख्येला लावायचा गुणक) लागतो, इंटेल-एएमडीच्या एक्स८६ प्रोसेसरला ०.५ आणि आयबीएम पॉवरला १. डेटाबेससाठी कमी कोअरचा पण जास्त गिगाहर्ट्झचा प्रोसेसर निवडणं हा म्हणूनच सरळ पैसे वाचवण्याचा मार्ग आहे. इंटेल आणि एएमडी दोघेही असे प्रोसेसर मुद्दाम काढतात. कोटेशनमध्ये ते दिसत नाहीत, मागून घ्यावे लागतात.

नवा गडी, तुमच्या ईआरपीखाली कुठला डेटाबेस आहे ते आधी सांगा.

नवा गडी

एसक्यूएल सर्व्हर स्टँडर्ड. डेटाबेस साधारण १८० जीबी. मोजमाप सुरू करतो.

केबलजाळं

माहितीपूर्ण धागा, वाचनखूण साठवली. एक भाबडी शंका: डीडीआर५ (मेमरीची एक पिढी) मध्ये ईसीसी आतच असते म्हणतात. मग एंट्री-लेव्हल सर्व्हर घेण्यापेक्षा चांगला डेस्कटॉप घेऊन चालणार नाही का?

रॅकरक्षक

@केबलजाळं, नाही चालणार. डीडीआर५ ची ऑन-डाय ईसीसी चिपच्या आतल्या चुका आतच दुरुस्त करते. चिप ते प्रोसेसर या वाटेवर बिट उलटला तर तिला पत्ता नसतो, आणि ती काही दुरुस्त करतेय हे ऑपरेटिंग सिस्टिमलाही कळत नाही. सर्व्हरची ईसीसी सगळी वाट राखते, एका बिटाची चूक सुधारते, दोन बिटांची ओळखते, आणि नोंद ठेवते. ती नोंद फार मोलाची. एकाच पट्टीवर सुधारलेल्या चुका वाढताना दिसल्या की ती पट्टी मरायच्या आधी बदलता येते. मिडरेंजच्या रजिस्टर्ड पट्ट्यांवर (अनबफर्डहून वेगळा प्रकार) याच्या पुढची सोय असते: अख्खी मेमरी चिप गेली तरी यंत्र चालू राहू शकतं.

दोन्ही प्रकारच्या डीडीआर५ पट्ट्यांची खाच वेगळ्या जागी असते. आज एंट्रीच्या अनबफर्ड पट्ट्या घेऊ आणि उद्या त्याच मिडरेंजमध्ये लावू, असा हिशेब कुणी करत असेल तर तो जमणार नाही.

डेस्कटॉपमध्ये आणखी एक गोष्ट नसते, ती म्हणजे बीएमसी. डेल तिला आयड्रॅक म्हणतं, एचपीई आयएलओ, लेनोवो एक्सक्लॅरिटी कंट्रोलर. मुख्य यंत्र बंद असलं तरी हा छोटा संगणक जागा असतो. रात्री दोनला सर्व्हर निळ्या पडद्यावर अडकला तर घरून पडदा बघता येतो, यंत्र बंद-चालू करता येतं, आयएसओ (इन्स्टॉलेशनची डिस्क-फाइल) जोडता येते. फक्त दूरचा पडदा वापरायचं लायसन्स वेगळं असतं आणि एंट्री मॉडेलच्या कोटेशनमधून ते हमखास गळतं. तेवढं तपासा.

मेनफ्रेमी

हाय-एंडबद्दल लिहायला सांगितलंय म्हणून लिहितो. जरा लांबेल.

या यंत्रांकडे लोक अवाढव्य म्हणून बघतात. आकडे खरंच मोठे आहेत: सुपरडोम फ्लेक्स ३२ सॉकेट आणि ४८ टेराबाइट मेमरीपर्यंत जातो, पॉवर ई१०८० चार नोड (सुटे खोके) जोडून १६ सॉकेट, २४० कोअर आणि ६४ टेराबाइटपर्यंत. पण ही सगळी मेमरी एकाच ऑपरेटिंग सिस्टिमला एकसंध दिसते, हे त्यातलं मर्म. सॅप हानासारखा डेटाबेस सगळा विदा (डेटा) मेमरीत ठेवून चालतो. तो विदा २० टेराबाइटचा असेल आणि तोडून वाटता येत नसेल, तर दोन सॉकेटची कितीही यंत्रं ओळीने उभी केलीत तरी उपयोग नाही.

मेनफ्रेम, म्हणजे आयबीएम झेड, त्याहून वेगळी. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या आयबीएम झेड१६ मध्ये ग्राहकाला २०० कोअरपर्यंत मिळतात. त्याखेरीज काही कोअर राखीव बसलेले असतात. चालू कोअर बिघडला तर आधी तीच सूचना पुन्हा चालवून पाहिली जाते. तरीही जमलं नाही तर त्या कोअरची सगळी स्थिती राखीव कोअरवर जाते आणि काम तिथून पुढे सरकतं. प्रोग्रामला याची खबरही नसते. मेमरीला रेम (RAIM) नावाची रचना आहे, डिस्कच्या रेडसारखीच (एक डिस्क गेली तरी डेटा वाचवणारी रचना), पण मेमरीच्या चॅनलवर. ती २०१० च्या झेड१९६ पासून आहे. वरच्या चर्चेत पट्टी मरायच्या आधी बदलण्याचा विषय आला. इथे पट्टी मेली तरी व्यवहार चालू राहतो.

आता नऊच्या आकड्यांचा हिशेब मांडतो, कारण विक्रेते ते फार सैल वापरतात. ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद. ९९.९९९ म्हणजे सव्वापाच मिनिटं. सात नऊ, म्हणजे ९९.९९९९९, वर्षाला तीन सेकंद. बँकेच्या मुख्य खातेवहीला आणि कार्डांच्या व्यवहारांना ही शेवटची पायरी लागते. ईआरपीला ती लागत नाही, आणि नवा गडी यांना तर चार सॉकेटची गरज मुळीच दिसत नाही.

फर्मवेअर

मेनफ्रेमी, आदर राखून थोडा विरोध करतो. आज हीच उपलब्धता बहुतेक ठिकाणी यंत्राऐवजी सॉफ्टवेअरमधून मिळवली जाते. दोन किंवा तीन मिडरेंज यंत्रं, त्यांच्यात डेटाबेसची प्रतिकृती, एक पडलं की दुसरं उभं. आणि मिडरेंजही पूर्वीचं राहिलेलं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या एएमडी एपिक ९००५ मालिकेत एका सॉकेटला १९२ कोअरपर्यंत आणि मेमरीचे १२ चॅनल आहेत. पूर्वी जे काम चार सॉकेटवर जायचं ते आता एकात बसतं. एएमडीने एपिकमध्ये दोनपेक्षा जास्त सॉकेटचं यंत्र काढलेलंच नाही. इंटेलची पाचवी झिऑन स्केलेबल पिढीही दोन सॉकेटवरच थांबली होती. चार-आठ सॉकेटचा बाजार आटला, याचं कारण हेच.

मेनफ्रेमी

@फर्मवेअर, आटला हे मान्य. संपला म्हणाल तर नाही: २०२५ मध्ये आलेल्या झिऑन ६७००पी मालिकेने आठ सॉकेटपर्यंतची सोय परत आणली. कारण मेमरीत बसवायचे डेटाबेस वाढतच आहेत.

क्लस्टरबद्दलही, म्हणजे एक पडलं की दुसरं उभं राहणाऱ्या यंत्रांच्या गटाबद्दलही, तुमचं म्हणणं बरोबर आहे, एका अटीवर. एक यंत्र पडून दुसऱ्याने ताबा घेईपर्यंत काही सेकंद, कधी मिनिट जातं, आणि त्या मधल्या वेळेत अर्धवट राहिलेल्या व्यवहारांचं काय करायचं हे ॲप्लिकेशन लिहिणाऱ्याला ठाऊक असावं लागतं. नवीन सॉफ्टवेअरमध्ये ते लिहिलेलं असतं. कोबोल या प्रोग्रामिंग भाषेतल्या तीस-चाळीस वर्षांच्या कोडमध्ये ती जबाबदारी यंत्रानेच घेतलेली असते. १९६४ च्या सिस्टिम/३६० पासून आयबीएमने जुने प्रोग्राम नव्या यंत्रावर चालत राहतील हे कसोशीने पाळलंय. तो कोड नव्याने लिहिण्याची जोखीम यंत्राच्या किमतीपुढे ठेवून बघा, म्हणजे मोठमोठ्या बँका अजून तिथे का आहेत ते लक्षात येईल.

फर्मवेअर

हा मुद्दा पटला. कोड कुणाचा आणि किती जुना, यावर यंत्राचा वर्ग ठरतो असं मी आधी धरलं नव्हतं.

विदागारी

चार सॉकेटबद्दल अजून एक. प्रत्येक सॉकेटची मेमरी त्याच्या जवळची असते, दुसऱ्या सॉकेटच्या मेमरीकडे जायला जास्त वेळ लागतो. व्हर्च्युअल मशीन एका सॉकेटच्या मेमरीपेक्षा मोठं केलंत की हा उशीर वाट्याला येतोच. लहान लहान व्हर्च्युअल मशीन चालवायची असतील तर म्हणून एका सॉकेटची दोन यंत्रं केव्हाही सरस. हायपरव्हायजरमध्ये (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) नुमाचे, म्हणजे या जवळच्या-लांबच्या मेमरीचे, आकडे बघायची सवय लावा. तिथे रिमोट मेमरीची टक्केवारी चढलेली दिसली की 'कोअर रिकामे आहेत तरी हळू का' याचं उत्तर मिळतं.

केबलजाळं

सर्व्हरसाठी वेगळी खोली नाही, टेबलाशेजारीच ठेवायचाय. एक यू रॅक मॉडेल आडवं ठेवलं तर?

रॅकरक्षक

नका ठेवू. एक यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर उंची, त्यात पंखे ४० मिलिमीटरचेच बसतात आणि तेवढ्यातून हवा खेचायला त्यांना प्रचंड वेगाने फिरावं लागतं. शेजारी बसून फोनवर बोलता येत नाही. माणसांच्या खोलीत टॉवरच ठेवा, त्याचे पंखे मोठे आणि संथ असतात. ॲश्रे या वातानुकूलनाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची शिफारस १८ ते २७ अंश सेल्सिअसची आहे, ती टॉवरलाही लागू. भिंतीला चिकटवून ठेवू नका, गरम हवा मागून निघते.

नवा गडी

मोजमाप झालं. सीपीयू महिनाअखेरीलाही ३५ टक्क्यांच्या वर गेला नाही. मेमरी ६४ जीबी, ती कायम भरलेली. डिस्कचा प्रतिसाद एरवी १२ मिलिसेकंद, अहवाल काढताना ८० च्या पुढे. लोकांना विचारलं: लेखाविभागाला अर्धा दिवस बंद चालेल, गोदाम म्हणतं एका तासाच्या वर ट्रक अडकतात. नोंदी मात्र पंधरा मिनिटांपेक्षा जास्त गेल्या तर कुणालाच चालणार नाही.

फर्मवेअर

वा, याला म्हणतात तयारी. तुमचा प्रश्न डिस्क आणि मेमरीचा आहे हे आता आकड्यांतच दिसतंय. चार सॉकेटचा विषय कायमचा मिटला.

एका तासाची अट असल्यामुळे एकटं एंट्री मशीन पुरणार नाही. त्याचा मदरबोर्ड गेला तर सुटा भाग चार तासांत आणून देण्याचा करार असला तरी तास उलटून जातो. आणि लक्षात घ्या, हीच गोष्ट एकट्या मिडरेंज मशीनलाही लागू आहे. बोर्ड तिथेही एकच. म्हणून यंत्रं दोन हवीत.

विदागारी

माझा सल्ला: एकच प्रोसेसर बसवलेली दोन मिडरेंज यंत्रं, प्रत्येकी १६ कोअर, वेग जास्त असलेला प्रोसेसर, २५६ जीबी मेमरी. १६ कोअरला विंडोजची किमान अट नेमकी भरते, एकही कोअर वाया जात नाही. १२८ जीबीच्या बफर पूलमध्ये तुमचा रोजचा वापरातला विदा आरामात मावेल, उरलेली मेमरी बाकीच्या व्हर्च्युअल मशीनना. एसक्यूएल स्टँडर्डमध्ये बेसिक अव्हेलेबिलिटी ग्रुप मिळतो, एका डेटाबेसची एक प्रतिकृती दुसऱ्या यंत्रावर राहते. लॉग बॅकअप (डेटाबेसमधल्या ताज्या बदलांची प्रत) दर दहा मिनिटांनी, आणि तो या दोन्ही यंत्रांबाहेर तिसरीकडे. प्रतिकृती म्हणजे बॅकअप नव्हे. कुणी चुकून टेबल पुसलं तर प्रतिकृतीतूनही ते त्याच क्षणी पुसलं जातं.

एसएसडी एंटरप्राइझ दर्जाच्याच घ्या. त्यांच्यात वीज गेल्यावर हातातलं लिखाण पूर्ण करण्यापुरते कपॅसिटर असतात. डेटाबेससाठी दिवसाला तीनदा पूर्ण लिहिता येईल अशा सहनशक्तीच्या, फाइल शेअरसाठी एकदाच्या पुरतात.

नवा गडी

सगळ्यांचे मनापासून आभार. विक्रेत्याकडून नवीन कोटेशन मागवतोय. त्यात नेमकं काय लिहून मागू?

रॅकरक्षक

मेमरी किती जीबी एवढंच लिहू नका, पट्ट्या किती ते लिहा. विक्रेते स्वस्त पडतं म्हणून ६४ जीबीच्या चार पट्ट्या घालून २५६ पूर्ण करतात. आठ चॅनलच्या प्रोसेसरवर त्यामुळे निम्मे चॅनल रिकामे राहतात आणि बँडविड्थ निम्मी होते. ३२ जीबीच्या आठ मागा. प्रोसेसर एपिक ९००४ किंवा ९००५ निघाला तर चॅनल बारा आहेत, तिथे २४ जीबीच्या बारा पट्ट्यांनी २८८ होतात, ते घ्या.

पॉवर सप्लाय दोन, आणि एकावर पूर्ण भार पेलेल एवढ्या क्षमतेचे. दोन्हींच्या तारा वेगवेगळ्या यूपीएसला जातील हे बसवणाऱ्याच्या कामातच लिहून टाका. हार्डवेअर रेड घेत असाल तर कार्डाच्या कॅशेला (तात्पुरत्या मेमरीला) बॅटरी किंवा फ्लॅशचं संरक्षण हवं. ते नसेल तर कार्ड लिखाण थेट डिस्कवर पाठवतं आणि ज्या वेगासाठी पैसे मोजले तो मिळत नाही. बीएमसीचं पूर्ण लायसन्स दोन्ही यंत्रांना, कराराच्या पूर्ण मुदतीचं. फर्मवेअरचे (यंत्राच्या भागांतल्या मूळ सॉफ्टवेअरचे) अपडेट हमी संपल्यावरही मिळत राहतील का, हे लेखी घ्या. काही कंपन्या ते कराराशी बांधून ठेवतात.

आणि यंत्रं आली की कामाला लावण्याआधी एक पॉवर सप्लाय उपटून बघा, एक डिस्क उपटून बघा, मग अख्खं यंत्र बंद करून दुसरं ताबा घेतंय का ते गोदामाच्या माणसांना शेजारी बसवून घड्याळ लावून बघा. जो वेळ लागेल तो इथे नक्की लिहा.